लहान मुलांना घेऊन उन्हाळ्यात दिवसभर बाहेर: आधी दुपार ठरवा, मग सकाळ

प्रश्न थोडक्यात असा: घरात साडेचार वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि सात महिन्यांचं बाळ. बरोबर चार मोठी माणसं. उन्हाळ्यातला एक दिवस झाडीत आणि पाण्याजवळ घालवायचा बेत आहे. गेल्या वेळी दुपारी दोनपर्यंत एक मूल उलट्या करत होतं, दुसरं कुणाच्याच अंगावर राहायला तयार नव्हतं, आणि सगळे वैतागून माघारी फिरले. या वेळी काय बदलायचं?

वेळापत्रक बदला. सामानाचं नंतर बघू. दुपारी दोनला दिसणारी रडारड, उलटी, मलूल पडणं यांचं मूळ बहुतेकदा सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान सापडतं. निघायला उशीर झालेला असतो, मूल खेळात रमलंय म्हणून पाणी द्यायचं राहिलेलं असतं, आणि दुपारच्या झोपेचं "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून दिलेलं असतं. मोठ्यांना तोपर्यंत काही जाणवत नाही, कारण त्यांचं शरीर उष्णता वेगळ्या तऱ्हेने झेलतं. लहान मुलाची त्वचा त्याच्या वजनाच्या मानाने खूप जास्त असते, त्यामुळे हवा अंगापेक्षा गरम झाली की उष्णता आत शिरतेही भराभर. घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि पळताना किलोमागे उष्णता मात्र जास्त तयार होते. शिवाय दोन वर्षांचं मूल "मला गरगरतंय" असं सांगत नाही. ते चिडतं, बूट काढून फेकतं, पाण्याची बाटली ढकलून देतं. हा हट्ट समजून ओरडण्याआधी त्याला सावलीत न्या.

वेळापत्रक शेवटाकडून उलटं आखत या. दोन वर्षांचा मुलगा घरी एक वाजता झोपत असेल, तर साडेबाराला तो खाऊन, कोरडे कपडे घालून, गार जागेत आडवा व्हायला हवा. म्हणजे जेवण पावणेबाराला. म्हणजे खेळ साडेअकराला बंद. उन्हातला खेळ तर त्याहीआधी, अकराच्या आसपास थांबवायचा. खेळायला सलग तीन तास हवे असतील तर आठला पोहोचायला हवं आणि प्रवास तासाभराचा असेल तर सातला गाडी सुटायला हवी. तान्ही मुलं बरोबर असताना एका बाजूचा प्रवास सव्वा तासाच्या वर नसावा, हे माझं मत. त्यापुढे सकाळचा गारवा गाडीतच संपतो. अकरा ते चार हा वेळ पक्क्या छपराखाली किंवा दाट सावलीत काढायचा. सूर्य सर्वांत तीव्र मध्यान्हीला असतो, पण हवा सर्वांत तापते दोन-चारच्या दरम्यान. म्हणून "ऊन उतरलं" असं वाटून तीनला पुन्हा मैदानात उतरू नये. साडेचारनंतर तासभर खेळ, आणि परत. अशी सावलीची जागाच तिथे नसेल तर दिवसभराचा बेत सोडून द्या, सकाळचे चार तास जा. तेही मुलांना पुरतात. दिवसभराची हौस बहुधा मोठ्यांची असते.

मुलांच्या अंगाला गरमी सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात. जे मूल महिनाभर गार खोलीत वाढलंय, त्याला पहिल्याच दिवशी सहा तास बाहेर ठेवू नका. आदल्या आठवड्यात रोज सकाळी अर्धा-पाऊण तास बाहेर खेळू द्या. गेल्या दोन दिवसांत कुणाला ताप किंवा जुलाब झाले असतील तर बेत पुढे ढकला. तापमान चाळिशीला टेकणार असेल, किंवा पस्तिशीच्या आसपास असून हवा दमट असेल, तरी पुढेच ढकला. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग गार होत नाही.

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा वर्षांत जास्त असतो. त्यावरची बरीच औषधं ॲलर्जीच्या औषधांच्या जातीची असतात. त्यांनी झोप येते आणि काहींनी घामही कमी होतो. सकाळी असं औषध पाजून मुलाला उन्हात सोडलं, तर ते पेंगतंय ते औषधाने की उन्हाने हेच कळत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, दोन वर्षांखाली तर मुळीच नाही. हलका नाश्ता, समोरच्या काचेतून बाहेर बघता येईल अशी जागा, हातात पुस्तक किंवा मोबाइल नाही, आणि तासाला एक थांबा, एवढ्यावर बहुतेक मुलांचं भागतं.

आता पाणी. इथेच सगळ्यांचा अंदाज चुकतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो. दोन वर्षांच्या मुलाचा एक घोट म्हणजे चहाचा एक चमचा, पाचेक मिली. "आत्ताच दोन घोट प्यायला" याचा अर्थ दहा मिली. बारा किलोच्या मुलाला साध्या दिवशीसुद्धा दूध, पाणी, पातळ पदार्थ सगळं धरून 1,100 मिलीच्या आसपास लागतं (पहिल्या दहा किलोंना किलोमागे 100 मिली आणि पुढच्या दहांना किलोमागे 50, असा हिशोब असतो). उन्हात पळणाऱ्याला त्याहून जास्त. म्हणून खेळताना दर वीस मिनिटांनी दोन वर्षांच्याला 40 ते 50 मिली, साडेचार वर्षांच्या मुलीला 60 ते 75 मिली. तहान लागण्याची वाट बघायची नाही. तीन तासांच्या खेळात नऊ पाळ्या होतात, म्हणजे दोन वर्षांच्याची 360 ते 450 मिलीची बाटली जेवणाआधी संपलेली असली पाहिजे. प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर मार्करने 50-50 मिलीच्या रेघा मारा. एकाच मोठ्या बाटलीतून सगळे प्यायले की कुणी किती प्यायलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि जे मूल सर्वांत कमी बोलतं तेच कोरडं राहतं.

खेळायला आणि घामाला साधं पाणी पुरतं. ओआरएस हे उलटी-जुलाबासाठी, किंवा तासन्तास घाम गळून मूल गळाठलं तर. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट एकदम घालायचं. "अर्धं आत्ता, अर्धं नंतर" केलं की पावडर सारखी वाटली जात नाही, एका पेल्यात मीठ जास्त उतरतं. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पिण्याचं पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा पाच मिलीचा. चमचा शिगोशीग भरू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. तयार पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं. उलटी झाल्यावर घाबरून पेलाभर पाणी पाजलं की ते तसंच बाहेर येतं. दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. कंटाळवाणं आहे, पण पोटात टिकतं.

बाळाचं वेगळं. सात महिन्यांच्या बाळाला अंगावरचं दूध नेहमीपेक्षा वारंवार द्या, मध्ये उकळून गार केलेल्या पाण्याचे थोडे घोट चालतील. सहा महिन्यांखालच्या, फक्त दुधावरच्या बाळाला वरचं पाणी लागत नाही. डब्याचं दूध असेल तर पावडर एकेका वेळेची मोजून वेगळ्या डब्यांत घ्या आणि थर्मासमध्ये उकळतं पाणी भरा. दूध बनवताना पाणी 70 अंशांच्या खाली गेलेलं नको, कारण पावडर निर्जंतुक नसते. दूध गार करून पाजा, बनवल्यापासून दोन तासांत संपवा, बाटलीत उरलेलं टाका. गरमी आहे म्हणून दूध पातळ करू नका. त्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि बाळाला झटके येऊ शकतात.

पाणी पुरतंय की नाही हे लघवीवरून कळतं. फिकट पिवळी आणि तीन-चार तासांनी होत असेल तर ठीक. गडद पिवळी झाली तर पाळ्या वाढवा. सहा तास लंगोट किंवा डायपर कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड चिकट, टाळू खोल गेलेली, असं दिसलं तर सहल तिथेच संपवून डॉक्टरांकडे निघा. मोठ्यांपैकी एकाने शेवटचा डायपर कधी बदलला ते मोबाइलवर टिपून ठेवायचं. चार माणसांत ही गोष्ट कुणालाच नक्की आठवत नसते.

सावलीबद्दल एक बारकावा. सकाळी झाडाची सावली पश्चिमेकडे पडते आणि दुपारनंतर पूर्वेकडे सरकते. नऊ वाजता छान सावली बघून पश्चिमेला सतरंजी टाकली, की बाराला सगळं सामान उन्हात, आणि नेमकं तेव्हाच मूल झोपलेलं असतं. झोपेची जागा खोडाच्या पूर्वेला धरा. सावलीतसुद्धा अतिनील किरणं पूर्ण थांबत नाहीत, निम्म्याहून कमी होतात असं धरा. कोरडी वाळू त्यातली साधारण 15 टक्के परत फेकते आणि अर्धा मीटर पाण्याखालीही किरणांची 40 टक्के तीव्रता उरते. मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड दिसली की उघड्या उन्हात ठेवायची वेळ संपली. हे साडेचार वर्षांच्या मुलीला शिकवता येतं आणि मग तीच सगळ्यांना आत हाकते.

बाळ बाबागाडीत झोपलं की ऊन लागू नये म्हणून वरून दुपट्टं पांघरतात. कोरड्या कापडाने आतली हवा कोंडते आणि आत बाहेरच्यापेक्षा जास्त गरम होतं. पातळ सुती कापड ओलं करून पिळून घ्या, पुढून-मागून वारा खेळेल असं अर्धवटच टाका, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओलं करा. छातीशी बांधलेल्या बाळाला आई-बाबांच्या अंगाचीही धग लागते. त्याची मान मागून हाताने बघत राहा, घामेजली असेल तर बाहेर काढा.

कपडे सैल, दाट विणीचे, पूर्ण बाह्यांचे. पांढरा सुती सदरा भिजला की उन्हाला फारसा अडवत नाही. टोपी चारी बाजूंनी कड असलेली. सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त, यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्हींसाठीचं, उन्हात जाण्याआधी वीस मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच. सगळे लावतात त्याहून जास्त लागतं: 16 किलोच्या मुलीच्या पूर्ण अंगाला 14 ग्रॅमच्या आसपास. चेहरा, मान, हात, पोटऱ्या एवढंच उघडं असेल तर एक भरलेला चमचा. कान, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग हमखास राहतात. सहा महिन्यांखाली क्रीमपेक्षा कपडा आणि सावली. डासांचं औषध लावायचं असेल तर सनस्क्रीननंतर, आणि मुलाच्या तळहातांना कधीच नाही.

घसरगुंडी आणि रबरी फरशी आधी हाताने तपासा. तळवा नको, हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा. टेकवता आली नाही तर मुलाची मांडीही भाजेल. प्लास्टिकची घसरगुंडी धातूइतकी तापत नाही हा गैरसमज आहे. गाडीतल्या सीटबेल्टच्या धातूच्या कडीलाही हेच लागू. गाडी उभी करताना मुलाच्या सीटवर फिकट चादर टाकून ठेवा.

खाण्यात चूक होते ती डबा वारंवार उघडण्याने. थंड पेट्या दोन घ्या, एक पाण्याच्या बाटल्यांची आणि एक जेवणाची. पाण्याची पेटी दिवसात चाळीस वेळा उघडते, जेवणाची दोनदा. बर्फाच्या पिशव्या तळाशी थोड्या आणि वर जास्त, कारण गार हवा खाली उतरते. तीन-चतुर्थांश भरून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बर्फाचं काम करतात आणि दुपारी प्यायलाही येतात. शिजवलेलं किंवा कापलेलं अन्न पेटीबाहेर दोन तास चालतं, हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. त्यानंतर ते वासाला कितीही बरं असलं तरी टाका. द्राक्षं उभी चार तुकड्यांत कापा, अख्खे शेंगदाणे आणि कडक गोळ्या पाच वर्षांखाली नकोत. आणि मूल पळता पळता खात असेल तर आधी बसवा.

पाण्याजवळचा नियम एकच ठेवा, पण तो कडक. एक नाव घेतलेला राखणदार. चार मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि कुणीच बघत नसतं. बुडणारं मूल हात हलवत नाही, ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी, डोकं मागे, अंग उभं, आणि मिनिटभरात गडप. काठावरून ते खेळत असल्यासारखं दिसतं. राखणदाराकडे मोबाइल नाही, गप्पा नाहीत, आणि दोन वर्षांच्या मुलापासून तो हाताच्या अंतरावर, म्हणजे स्वतः पाण्यात. पंधरा मिनिटांनी पाळी बदलायची, आणि बदलताना तोंडाने बोलायचं: "आता तू बघतोयस", "हो, मी बघतोय". उत्तर आल्याशिवाय पहिल्याने नजर काढायची नाही. दंडाला बांधायचे फुग्यांचे पट्टे ही खेळणी आहेत. निसटतात, फुटतात, आणि मुलाला आपण तरंगतो असं उगाच वाटू लागतं. पोहायचे कपडे झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी घ्या. निळा आणि पांढरा पाण्याखाली दिसेनासा होतो, घरी बादलीत बुडवून बघा. पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंत, वाहतं असेल तर घोट्यापर्यंत. डायपर घातलेलं मूल बोटभर पाण्यातही पालथं पडलं तर स्वतःहून उठेलच असं नाही.

पाण्यातून काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास असं चालू ठेवायचं. दाब मिनिटाला 100 ते 120, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढे खोल. पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जाते. मूल शुद्धीवर असेल पण पुढच्या काही तासांत खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल किंवा ते पेंगत असेल, तर रुग्णालयात न्या.

आता ऊन लागलंच तर. मूल फिकट पडलं, घामाने चिंब आहे, डोकं दुखतं, मळमळतं, पण नीट बोलतंय: सावलीत आडवं करा, कपडे कमी करा, ओल्या फडक्याने पुसून वारा घाला, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात तरतरी यायला हवी. आली तरी त्या दिवसाचा उन्हातला खेळ संपला. मूल बरळत असेल, ओळखत नसेल, झटका आला असेल, हाकेला ओ देत नसेल, तर तो उष्माघात आहे. त्यात अंगातलं तापमान 40 अंशांच्या वर असतं. काखेतला थर्मामीटर कमी दाखवू शकतो, म्हणून वागण्यावरून ठरवा. एकाने रुग्णवाहिका बोलवायची, बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडीत घालून पळण्याआधी गार करणं महत्त्वाचं, कारण मेंदूला इजा तापलेल्या प्रत्येक मिनिटाने वाढते. कपडे काढा, हाताशी असेल ते पाणी अंगावर ओता, जोरात वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फाच्या पिशव्या कापडातून लावा. ओल्या जाड चादरीत गुंडाळू नका, ती उष्णता आत धरून ठेवते. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. तापात मेंदूनेच तापमान वर नेलेलं असतं आणि औषध ते खाली आणतं. उन्हात तसं झालेलं नसतं. पेंगणाऱ्या मुलाच्या तोंडात काही घालू नका, कुशीवर ठेवा.

हरवण्याबद्दल थोडक्यात: सकाळी निघताना प्रत्येक मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढा, मनगटावर पेनने फोन नंबर लिहा आणि मुलीला "चुकलीस तर तिथेच उभी राहा" एवढंच शिकवा. मूल दिसलं नाही तर सर्वांत आधी पाण्याकडे धावायचं, झाडाझुडपांत नंतर.

परतीची घाई धोक्याची असते. तापलेल्या गाडीची चारही दारं दोन-तीन मिनिटं उघडी ठेवा, मग मुलांना बसवा. "बाळ झोपलंय, पाच मिनिटांत येतो" म्हणून बंद गाडीत ठेवू नका. पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहा अंशांनी चढतं, काच बोटभर उघडी असून फारसा फरक पडत नाही. मागे तोंड करून बसवलेल्या बाळापर्यंत एसीचा वारा नीट पोहोचत नाही, मान हाताने बघा. चालवणाऱ्याची पिशवी किंवा एक बूट मागच्या सीटवर ठेवा, म्हणजे उतरताना मागचं दार उघडावंच लागतं. आणि बाळ आजीने घेतलं की आईने, हे नाव घेऊन विचारा.

घरी आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, कोरडे सुती कपडे, काखेत-मानेत घामोळं आलंय का ते बघणं. झोपण्याआधी तिघांपैकी प्रत्येकाला एकदा तरी लघवी झालेली असावी. नसेल झाली तर थोडं थोडं पाणी देत तासभर वाट बघा, तरीही नाही झाली आणि मूल मलूल असेल तर त्याच रात्री डॉक्टरांना दाखवा.